सभागृहातला प्रश्न वाया जात नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून मी दोन शब्द सांगतो. समितीने मला विषय दिला 'संसद आणि विरोधी पक्ष'. मी वकील नाही, प्राध्यापक नाही. गिरणी कामगार आहे. पाळी संपल्यावर जे वाचलं, चळवळीत जे शिकलो, तेवढंच माझ्याजवळ आहे.

आपल्या वस्तीत निवडणूक आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अहो, आपला माणूस विरोधात बसून काय करणार? सत्ता असेल तर काम होतं." बोलणाऱ्याचा मला राग येत नाही. नळाला पाणी नाही, पोराला नोकरी नाही, मग माणूस असंच बोलणार. पण हे खरं आहे का, ते आज तपासून बघू. कारण भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितलं की केवळ परंपरेनं आलं किंवा मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. प्रश्न विचारणं हा आपल्या धम्माचा पाया आहे.

पहिला दाखला कामगारांचा. १९३८ साली मुंबई प्रांताच्या सरकारनं औद्योगिक कलहाचं बिल आणलं. आधी तडजोडीच्या पायऱ्या पार करा, त्याशिवाय संप केला तर तो बेकायदा आणि कामगाराला शिक्षा. बाबासाहेब त्या वेळी स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विरोधात बसत होते. त्यांनी कलम न् कलम तपासून सरकारला जाब विचारला. संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबायला लावणं, म्हणजेच गुलामगिरी, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत त्या बिलाविरुद्ध मोठा संप झाला. तरी बिल पास झालं. मग बाबासाहेब हरले का? १९४२ मध्ये तेच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. आठवड्याला ५४ तासांचं काम ४८ तासांवर आणणारं बिल १९४६ साली त्यांनीच मांडलं. आम्ही गिरणीवाले आठ तासांची पाळी करतो, त्याच्यामागे हा माणूस उभा आहे.

दुसरा दाखला राज्यसभेचा. १९५१ साली हिंदू कोड बिल आणि इतर कारणांवरून बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सभागृहात निवेदन करायला उभे राहिले तर त्यांना सांगण्यात आलं की प्रत आधी द्या. स्वाभिमानी माणूस, ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांच्या हाती दिलं. पुढं १९५२ मध्ये लोकसभेला पडले, १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. पण १९५२ पासून ते राज्यसभेत होते आणि तिथून सरकारला प्रश्न विचारत होते.

सप्टेंबर १९५४ मध्ये अस्पृश्यता गुन्ह्यांचं बिल राज्यसभेत आलं. बाबासाहेब म्हणाले की या कायद्याला अस्पृश्यांच्या नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा असं नाव हवं होतं. आणि दुसरं, गावात आपल्या माणसावर जे खरं हत्यार चालवतात ते सामाजिक बहिष्काराचं, त्याचा बंदोबस्त कुठे आहे? सरकारनं बिलाचं नाव बदललं नाही. १९५५ ला कायदा 'अस्पृश्यता गुन्हे' याच नावानं झाला. आता पुढचं ऐका. १९७६ मध्ये याच कायद्याचं नाव बदलून 'नागरी हक्क संरक्षण कायदा' केलं गेलं. आणि २०१५ साली ॲट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा सरळ नाव घेऊन गुन्हा ठरला. एका विरोधी सदस्यानं जे मागितलं, त्याकडे एका सरकारला २२ वर्षांनी आणि दुसऱ्याला ६१ वर्षांनी यावं लागलं.

आता आपल्या नांदेडकडे येतो. तरुण पोरांना हे ठाऊक नसेल. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण होऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा १९५७ ची लोकसभा निवडणूक झाली. नांदेड तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. त्यातून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहरराव सोनुले निवडून दिल्लीला गेले. नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड गेले. लोकसभेत ही माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. समाजापुढचा प्रश्न मात्र मोठा होता. १९५६ ला आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलती गेल्या. माणसाची गरिबी तीच, गावकुसाबाहेरचं घर तेच, पण कागदावर बौद्ध लिहिलं की हक्क बंद. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यापुरत्या सवलती मिळाल्या, केंद्राचं दार बंदच राहिलं.

दादासाहेब १९६२ पासून राज्यसभेत होते, पण ते नुसते सभागृहात बोलून थांबले नाहीत. १९६४ मध्ये संसदेवर मोर्चा नेला, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्या दिल्या. भूमिहीनांना जमीन द्या, बौद्धांना सवलती द्या, बाबासाहेबांचं तैलचित्र संसदेत लावा. ६ डिसेंबर १९६४ पासून सत्याग्रह केला, देशभर लोकांनी तुरुंग भरले. तैलचित्र लागलं १९९० साली. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारा कायदा झाला तोही १९९० साली. आज आपल्या वस्तीतलं पोरगं रेल्वेत, बँकेत, पोस्टात राखीव जागेवर लागतं, तेव्हा त्या ऑर्डरच्या मागे १९६४ चा तो कागद आहे, हे घरात सांगत जा.

नुसतं सभागृह पुरत नाही, हेही मराठवाड्यानं भोगलंय. विद्यापीठ नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांत पास झाला. लगेच आपली घरं जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. ठराव झाल्यावरही सरकारला "केव्हा करता?" हे रोज विचारावं लागतं.

उत्तर देणाऱ्या बाजूलाही आपल्याच भागाची माणसं बसलेली आहेत. १९९१ ते १९९६ या काळात नांदेडचे शंकरराव चव्हाण देशाचे गृहमंत्री होते आणि लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे सरकारतर्फे उत्तर द्यायला नांदेडचा माणूस आणि सभागृह चालवायला लातूरचा. मंत्री कितीही मोठा असो, त्याला उठून उत्तर द्यावं लागतं. यालाच संसदीय लोकशाही म्हणतात.

कामकाजाची पद्धतही समजून घ्या. तारांकित प्रश्नाला मंत्र्यानं तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. दोन्ही छापले जातात, कायम राहतात. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हा विरोधी खासदारांनी आवाज उठवला. तो तास खासदाराचा नाही, तुमचा-माझा आहे.

पण बंधू-भगिनींनो, दिल्लीत किंवा मुंबईत बसलेल्या सदस्याला तुमच्या गल्लीतलं काय कळणार? शिष्यवृत्ती किती पोरांची अडली, गायरानाच्या किती नोटिसा आल्या, ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीचं पुढं काय झालं, हे तारीख-वार लिहून दिलं तरच त्याचा प्रश्न होतो. बाबासाहेब सभागृहात उभे राहायचे ते आकडे घेऊन, अहवाल घेऊन. म्हणून माझी विहार समितीला विनंती आहे. वर्गणीची वही आहे तशी एक तक्रारींची वही ठेवा. दर पौर्णिमेला वंदना झाली की ती उघडा. शिकलेल्या मुलींनी लिहावं, वडीलधाऱ्यांनी सांगावं. दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा, २००५ पासून तो हक्क आपल्याला आहे. आलेलं उत्तर आमदार-खासदाराच्या हातात द्या, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. आणि पुढच्या वेळी मत मागायला आला की विचारा, "आमचा प्रश्न मांडला का? कोणत्या तारखेला?"

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!