आपत्ती, सरकार आणि आपण
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपत्ती कोसळली म्हणजे आपल्या समाजात दोन उद्गार हटकून ऐकू येतात. एक म्हणतो, ‘सरकार बघून घेईल.’ दुसरा म्हणतो, ‘सरकारच्या तोंडाकडे कशाला पाहता? मनगटात बळ हवे!’ हे दोन्ही उद्गार बहुधा ज्यांचे घर शाबूत असते त्यांच्याच मुखातून निघतात, असे आमचे निरीक्षण आहे. म्हणून तत्त्वचर्चा बाजूस ठेवून आम्ही किल्लारीच्या भूकंपानंतर जे घडले तेच आपल्यापुढे मांडणार आहोत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील गावे हादरली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी तिकडची घरे. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच मातीखाली हजारो माणसे गाडली गेली. ज्याच्या घरातील कर्ती माणसे एका रात्रीत नाहीशी झाली, त्याला स्वावलंबनाचा उपदेश करणे म्हणजे निर्दयपणा होय. तेथे सरकारच हवे होते आणि ते आले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कोणत्याही ज्ञातीच्या फंडातून एवढे कार्य होणे नव्हते.

परंतु पुढे पुनर्वसनाच्या दोन निरनिराळ्या वाटा झाल्या. अगदी उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी हलविण्यात आली. तेथील घरे ठेकेदारांनी व देणगीदार संस्थांनी बांधून दिली. ज्याची जमीन थोडी त्याला २५० चौरस फुटांचे घर, मध्यम शेतकऱ्याला ४०० चे, मोठ्या जमीनदाराला ७५० चे. घरे पक्की झाली, रस्ते रुंद व सरळ आखले गेले. पण गुरे कोठे बांधावी, कडबा कोठे रचावा, जुना शेजार कोठे गेला, हे घरात राहणाऱ्यांना आधी विचारले होते कोणी? पुढे कित्येक घरांपुढे पत्र्याची छपरे उभी राहिली. तो लोकांनी दिलेला उशिराचा अभिप्रायच म्हणावयाचा.

दुसरी वाट, जेथे घरे तडकली पण उभी राहिली, त्या गावांची. तेथे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती मालकांनी स्वतः करून घेतली. सरकारने प्रत्येकी १७,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य पैसा व सामान या रूपाने दिले आणि अभियंत्यांनी मार्गदर्शन केले. माळवदावरील मातीचे ओझे कमी करावे, भिंतीचे दोन्ही पदर जखडून ठेवणारे आरपार दगड बसवावे, ही विद्या गवंड्यांपर्यंत पोहोचविणे सोपे नव्हते. पुष्कळांनी जुने घर बळकट करण्याऐवजी त्याच पैशांत एखादी नवी खोली उठविली. विद्वानांनी याबद्दल नाके मुरडली. आम्हांला मात्र त्यात गैर दिसत नाही. ज्या भिंतीने दगा दिला तिच्यावर पुन्हा विश्वास टाकणे इतके का सोपे असते?

याच कामी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. हप्ता कधी मिळेल, काम नीट होते की नाही, हे पाहण्याचे काम, ज्यांनी पूर्वी कचेरीची पायरीही चढली नव्हती अशा बायकांनी केले. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडील स्त्रिया तिकडच्या भगिनींना आपला अनुभव सांगावयास गेल्या. पैसा सरकारचा होता, म्हणजे आपल्याच करांचा. त्यावरील नजर मात्र त्यांची होती. आम्ही स्वावलंबन म्हणतो ते हेच.

आता आपल्या मंडळाच्या आपत्ती-निधीविषयी. आजवर आपण तो पहिल्या आठवड्यात घोंगड्या आणि जुने कपडे पाठविण्यात खर्ची घातला. त्या आठवड्यात सारेच कपडे पाठवितात; कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडतात. तिसऱ्या महिन्यात मात्र कोणी फिरकत नाही, आणि पंचनाम्यात नाव राहिलेली विधवा तालुक्याला खेटे घालीत असते. आमची सूचना अशी की, निम्मा निधी त्या तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवावा. त्यातून अर्ज लिहून देणारा, सोबत कचेरीत जाणारा, गवंडीकामाची माहिती असलेला एकेक तरुण गावात ठेवावा. त्याने दारात आलेल्याची जात विचारू नये. आमच्या काही वडीलधाऱ्यांना हे कलम रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. ज्ञातीचा पैसा ज्ञातीसाठीच, असे ते म्हणतील. पण एकाच आळीतील दोन पडक्या घरांपैकी एकाच्या उंबऱ्यावर थांबून दुसऱ्यापुढून निघून जाणारा कार्यकर्ता त्या गावात दुसऱ्या दिवशी तोंड दाखवू शकेल काय?

ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे दिलेला आहे. ज्या तरुणांची तीन महिने गावी जाऊन राहण्याची तयारी असेल, त्यांच्यासाठी नावनोंदणीची वही सायंकाळपर्यंत मंडपाच्या दाराशी ठेवली आहे.