शिडाच्या होडीची जुनी लाकडी पट्टी

युरोप-अमेरिकेत १९६० नंतर शिडाच्या होड्या मोठ्या प्रमाणावर फायबरग्लासच्या होऊ लागल्या. अंग फायबरग्लासचे, पण काठाच्या पट्ट्या नि हाताचे कठडे सागवानी. अशा कित्येक होड्यांचे अंग आजही धडधाकट आहे. झिजले ते लाकूड. ते काढून तिथे जाड पॉलिथिनची पट्टी बसवावी, असे पुष्कळांना वाटते. ती पाणी पीत नाही, तिला वार्निश लागत नाही. पण ते लाकूड नव्हे!

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, हे आपणांस ठाऊकच आहे. पॉलिथिन लोखंडाच्या कितीतरी पट वाढते. दोन मीटरची पट्टी तीस अंशांनी तापली, तर जवळजवळ एक सेंटिमीटर लांबते. सागाची तेवढीच पट्टी जेमतेम पाव मिलिमीटर. म्हणून पट्टीतली स्क्रूची भोके लांबट ठेवायची नि टोकांना जागा सोडायची. घट्ट आवळाल, तर उन्हात तिची कमान होईल. गोंदाचा तर उपयोगच नाही; तो तिला धरत नाही.

कठड्याची गोष्ट निराळी. लाटेत माणूस त्याला धरून उभा राहतो, आणि प्लास्टिकचा दांडा भाराने वाकतो. तिथे सागच बरा, नाहीतर न गंजणारे पोलाद.

आता जुनी भोके. पुष्कळ होड्यांच्या डेकच्या पोटात लाकडाचा थर असतो. पाणी या भोकांतूनच तिथे झिरपते. भोकात काडी खुपसून पाहावी. कोरडे असेल, तर इपॉक्सीने भरावे. ओला भुगा निघाला, तर मात्र नवी पट्टी राहू द्या नि आधी डेकचेच काम काढा.