निवृत्तीनंतरचे माझे दोन उद्योग
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



समितीने मला 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' हा विषय सुचवला होता. जन्म बँकेत गेलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार म्हणा! पण व्याजदर तुम्हाला मोबाइलवर कळतात. मी आज नानकटाई, केक आणि मुलांच्या नाटकाचे कपडे यांवर बोलणार आहे.

आम्ही मूळचे जुन्या नाशकातले. आपल्याकडे धुळवडीला वीर निघतात. देव्हाऱ्यातले वीरांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचे, लाल कापडात बांधायचे आणि वाजतगाजत गोदावरीवर न्यायचे. बरोबर घरातला पोरगा राम, कृष्ण नाहीतर शिवाजी महाराज होऊन. दाजीबा वीराची मिरवणूक पाहायला तर अख्खं जुनं नाशिक लोटतं. सात वर्षांचा असताना मी कृष्ण झालो होतो. आईने स्वतःच्या विरलेल्या लुगड्याचे काठ काढून माझा पीतांबर शिवला, हाताने, धावदोऱ्याने. मुकुट पुठ्ठ्याचा, त्यावर बेगड चिकटवलेली. चिकटवायला मैद्याची खळ.

त्याच डब्यातला मैदा दिवाळीआधी नानकटाईला जायचा. तेव्हा घरी कुठला ओव्हन? मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, नंबर लावायचा, आणि आपला ट्रे दुसऱ्याच्या ट्रेत मिसळत नाही ना यावर डोळा ठेवायचा. गरम पत्र्याचा डबा सायकलवरून घरी आणताना वाटेत दोन-चार कमी व्हायच्याच. आईला ते ठाऊक असायचं.

पुढे नोकरी, बदल्या. खात्यात एक रुपयाचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत बसलो आहे, पण घरात चहासुद्धा केला नव्हता. भट्टीची सर आमच्या सौभाग्यवतींनी कुकरमध्ये आणली. शिट्टी आणि रबरी रिंग काढायची, तळाला मीठ, त्यावर स्टँड, आत डबा. पाणी अजिबात घालायचं नाही, कोरडी धग हवी. आणि या सोसायटीत राहायला आल्यापासून मुलांच्या प्रत्येक नाटकाचे कपडे हिच्या मशीनवर शिवले गेले, हे तुम्हाला माहीतच आहे. आज इथे बसलेले निम्मे तरुण कधी ना कधी हिने शिवलेल्या बंडीत मावळे झालेले आहेत.

चार वर्षांपूर्वी हिच्या हातांना कंप सुरू झाला. सुई धरवेना. मशीनवर तिने चादर टाकली आणि वर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवली. ती रद्दी मला रोज दिसायची. एके दिवशी मी ती उचलली आणि म्हटलं, "तू सांग, मी करतो." ती हसली नाही, हे विशेष.

पहिल्याच वर्षी मी एका मावळ्याची डावी बाही उजव्या खांद्याला जोडली. उसवायला वेळ नव्हता. त्या पोराने संपूर्ण प्रयोग एक हात जरा वर धरून केला, आणि लोकांना वाटलं, काय आवेश आहे! आता मी आधी कच्चा दोरा घालतो, अंगावर घालून बघतो, मगच टीप मारतो. शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी जाड्या मावळा आला तरी उसवून भागतं. बटणांऐवजी टिचबटणं, कारण विंगेत कपडे बदलायला मिनिटसुद्धा मिळत नाही. ही खुर्चीत बसून बघते. चुकलं की काठी जमिनीवर एकदा आपटते. आमच्या ऑडिटरपेक्षा कडक!

बेकिंगला मात्र माझ्या बँकेच्या सवयी कामाला आल्या. वजनकाटा, आणि एक वही. दोन वाट्या मैद्याला एक वाटी पिठीसाखर आणि एक वाटी तूप. तूप पातळ करायचं नाही. थिजलेलं घेऊन साखरेबरोबर पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं. माझ्या हाताला लागतात वीस मिनिटं. केकमध्ये दही आणि सोडा असेल तर मिश्रण ताटकळत ठेवायचं नाही, लगेच आचेवर. आणि मध्येच झाकण उघडायचं नाही. मी उघडलं होतं. केक मध्यभागी बसला. वहीत त्या तारखेला लाल शाईने नोंद आहे. आमच्या नाशिकच्या बेदाण्यांशिवाय केक मला पटत नाही. घालण्याआधी ते कोरड्या मैद्यात घोळवून घ्यावेत.

काही मित्र विचारतात, हे सगळं विकत मिळतं, कपडे भाड्याने मिळतात, मग खटाटोप कशाला? मिळतात, खरं आहे. पण मला त्यात मजा येते, याखेरीज माझ्याकडे उत्तर नाही. नानकटाईला वर चीर पडायला लागली की मी आणि ही, दोघंही काम टाकून कुकरपाशी वास घेत बसतो. झाकण न उघडता!

आता एक विनंती. या वर्षी बालनाट्यात चौदा पात्रं आहेत, आणि आमच्या दोघांचे मिळून धड हात दोनच. रविवारी चार वाजता आमच्याकडे मशीन सुरू असतं. शिवण येत नसेल तरी चालेल, पुरुषांनीही यावं. नानकटाई मिळेल. सुईत दोरा ओवायला मला हल्ली तरुण डोळे लागतात, तेवढ्यासाठी तरी या.