जर्मनचे एम. ए. : वाट आणि शिदोरी



आपल्या ट्रस्टच्या मदतीने शिकून डॉक्टर, इंजिनियर झालेल्या मुलांचा आपणां सर्वांना अभिमान आहे. आज मी मात्र जरा निराळ्या शिक्षणाविषयी बोलणार आहे. जर्मन भाषा व साहित्य घेऊन एम. ए. व्हावे, अशी इच्छा असलेली एक विद्यार्थिनी माझ्या परिचयाची आहे. ''यावर पोट भरेल काय, मास्तर?'' असे तिच्या घरची माणसे मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, भाषा शिकणे निराळे आणि एम. ए. निराळे. जर्मन भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानतात. त्यांतील चौथी, म्हणजे बी-२, चढल्यावाचून साहित्याचा ग्रंथ हाती धरण्यात अर्थ नाही. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात किंवा हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत हा अभ्यास करता येतो. प्रवेशाच्या अटी मात्र ज्याने त्याने आधी नीट पाहून घ्याव्यात. पुढील दोन वर्षे लेसिंग, शिलर, हाइने, काफ्का, ब्रेख्त यांचे मूळ ग्रंथ वाचणे आणि भाषाशास्त्र व भाषांतर यांचा अभ्यास करणे, हे काम असते.

आपल्या बेळगाव भागातील मुलांना ही भाषा अगदीच परकी वाटू नये. माझ्या घरी उर्दू, बाजारात कानडी, शाळेत मराठी. तीन भाषांत वावरण्याची आपल्याला सवयच आहे. त्यातही उर्दूत लिंगे दोन, पण मराठीप्रमाणे जर्मनमध्ये ती तीन. आपले 'मूल' नपुंसकलिंगी, तर जर्मनांची 'मुलगीसुद्धा' नपुंसकलिंगी! गौण वाक्यात त्यांचे क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते.

या विद्येची खरी किंमत भाषांतरकाराच्या कामावरून कळते. योजेफ फॉन हामर याने हाफिजचा दिवाण १८१२-१३ साली जर्मनमध्ये आणला. तो वाचून गटेने आपला 'पश्चिम-पूर्व दिवाण' रचला व १८१९ साली प्रसिद्ध केला. त्याआधी १७९१ साली गेओर्ग फोर्स्टरने 'शाकुंतल' जर्मनमध्ये नेले, तेव्हाही गटेने त्याची मनापासून स्तुती केली होती. पण फोर्स्टरपाशी संस्कृत नव्हते. त्याने जोन्सच्या इंग्रजीवरून काम केले. मुळावरून मराठीत आणणारी माणसे आपल्याकडे आजही थोडीच आहेत.

आता पोटाविषयी. शाळा-महाविद्यालयांत व खाजगी वर्गांत शिकवणे, कारखान्यांची कागदपत्रे भाषांतरित करणे, दुभाष्याचे काम करणे, अशी कामे मिळतात. ती हुशारीपेक्षा चिकाटीला मिळतात. मात्र पदवी म्हणजे जर्मनीचे तिकीट, असे कोणी समजू नये. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणाची फी घेत नाहीत, हे खरे. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी लावली. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत ठेवून दाखवावी लागते. २०२४ साली ती ११,९०४ युरो ठरली होती. जर्मन साहित्यासाठी तेथे बहुधा सी-१ पायरीही मागतात.

म्हणून माझी ट्रस्टला एकच विनंती आहे. आपली शिष्यवृत्ती पदवीच्या वर्गात नाव लागल्यावर मिळते. या वाटेवरचे कठीण दिवस त्याआधीचे असतात. वर्गाची फी, परीक्षेची फी, पुण्यातील राहणे यांचा भार घरच्यांना तेव्हाच सोसवत नाही, आणि मुलगी असेल तर शिक्षण तेथेच थांबते. एका वर्षी एकाच मुलाला वा मुलीला बी-२ पर्यंतची मदत द्यावी. प्रत्येक पायरीची परीक्षा उतरल्यावर पुढचा हप्ता द्यावा. पैसा वाया जाणार नाही, आणि कोणाची चिकाटी किती, हेही कळेल. पुढची वाट ती मुले स्वतः चालतील. शिदोरी तेवढी आपण बांधून द्यावी.