उतरवलेल्या मोटरचा पंचनामा



  

ठाणे ते अंबरनाथ या पट्ट्यातल्या देखभालवाल्यांच्या आणि वाइंडरांच्या या परिषदेत अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, आणि त्याच दशकात डोंबिवलीची वसाहत उभी राहिली. तिकडे जपानमध्ये यास्कावाने १९५८ सालीच हलक्या रोटरची, चटकन वेग घेणारी आणि चटकन थांबणारी मिनर्टिया मोटर बनवली होती. १९७२ साली फुजित्सूमधून सीएनसी कंट्रोल बनवणारी फॅनक वेगळी झाली. पुढे सीएनसी यंत्रं आपल्या गाळ्यांपर्यंत पोचली तेव्हा त्यांच्यावर अक्ष फिरवणाऱ्या डीसी सर्वो मोटरी होत्या. त्यांचे कार्बन ब्रश ठरावीक दिवसांनी काढावे लागत, लांबी मोजावी लागे, कम्युटेटरवरची काजळी पुसावी लागे, अभ्रक वर आला असेल तर खरवडावा लागे. मग कायम चुंबकांच्या एसी सर्वो आल्या. ब्रश गेले, काजळी गेली, आणि विकणाऱ्यांनी आपल्याला सांगितलं की या मोटरला आता देखभालच लागत नाही.

आढावा मी इथेच थांबवतो. यापुढचं जे आहे तीच माझी तक्रार आहे, आणि ती मांडायला मी बरीच वर्षं थांबलो आहे.

ब्रश होते तोवर आपण ठरल्या दिवशी मोटरच्या आत डोकावत होतो. ब्रश बघायला झाकण उघडलं की सीलमधून आलेलं तेल दिसायचं, तापलेल्या वार्निशचा वास यायचा, बेअरिंगची घरघर कानावर पडायची. ते झाकण गेलं तशी ती सवयही गेली. आज कुठल्याही कारखान्यातली ब्रेकडाउनची वही उघडा. ‘एक्स अक्षाची मोटर बदलली. मशीन चालू.’ वेळ लिहिलेली असते, सही असते. मोटर कशाने गेली हे कुठेही नसतं. उतरवलेली मोटर संध्याकाळच्या आत एक्सचेंजमध्ये किंवा भंगारात जाते. माणूस अकस्मात गेला तर पंचनामा होतो. लाखाच्या घरातली मोटर जाते आणि तिला उघडून बघायला कुणाकडे अर्धा तास नसतो, कारण आपली परीक्षा फक्त मशीन किती मिनिटं बंद होतं यावर होते. मला हे मान्य नाही. मोटर बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कारण सापडेपर्यंत दुरुस्ती झालेली नसते.

डोंबिवलीतल्या एका कारखान्याची गोष्ट सांगतो. उभ्या मशीनिंग सेंटरच्या झेड अक्षाची मोटर जळली. नवी बसवली. काही महिन्यांत तीही जळली. तिसरी बसवली आणि ती तापायला लागली, तेव्हा मला बोलावणं आलं. मी आधी विचारलं, जुन्या दोन कुठे आहेत? एक्सचेंजमध्ये गेल्या. वहीत काय लिहिलंय? ‘मोटर बदलली.’ मग शून्यापासून सुरुवात. मशीन चालू असताना, डोकं धरून ठेवणाऱ्या मोटरमधल्या ब्रेकच्या प्लगवर मीटर लावला. चोवीस व्होल्ट हवे होते, मीटर एकोणीस दाखवत होता. पॅनलमधल्या पॉवर सप्लायवर मात्र चोवीस पूर्ण. मधले पाच व्होल्ट एका रिलेत अडकत होते. त्याची प्लास्टिकची टोपी काढली तर चांदीचे संपर्कबिंदू काळेकुट्ट आणि खड्डे पडलेले. व्होल्टेज पुरत नव्हतं म्हणून ब्रेक पूर्ण सुटत नव्हता, आणि मोटर दिवसभर स्वतःच्याच ब्रेकशी झगडत डोकं वरखाली करत होती. रिले बदलला, मोटर थंड झाली. त्या कारखान्याने दोन मोटरी घालवल्या, त्या चहाच्या बिलाएवढ्या किमतीच्या वस्तूपायी. पहिली मोटर उतरवल्याबरोबर टेबलावर उघडली असती तर ब्रेकच्या घासलेल्या चकतीची काळी भुकटी दिसली असती आणि तिथेच संशय आला असता.

रिलेचे बिंदू काळे का पडले, हेही आपणच विचारायला हवं. भिंतीपलीकडे रसायनांचा कारखाना होता. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला आणि त्याची बातमी सगळीकडे पोचली. रस्त्याचा रंग सगळ्यांना दिसतो. गंधकाचा अंश असलेली हवा पॅनलच्या पंख्यातून आत जाते, चांदी काळी करते, तांब्याच्या ट्रॅकवर हिरवट थर चढवते, ती फक्त आपल्याला दिसते. आपण ते लिहिलं नाही तर कुणीच लिहिणार नाही. पॅनलचं दार उघडं टाकून समोर टेबलफॅन लावणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलो आणि आजही भांडायला तयार आहे.

आपल्या परिषदेत दरवर्षी एक वाद रंगतो. मोटर रिवाइंड करावी की नवीच घ्यावी? एक बाजू म्हणते, सर्वोला वाइंडरने हात लावला की ती मेली. दुसरी बाजू नव्या मोटरचं कोटेशन नाचवते. डोंबिवली पूर्वेला एका छोट्या गाळ्यात काम करणाऱ्या एका वाइंडर काकांना मी जे करताना पाहिलं, त्यानंतर माझ्यापुरता हा वाद संपला. मोटर आली की काका आधी तिला हातच लावत नसत. नेमप्लेट उतरवून घेत. मग रोटरची स्थिती सांगणारा एनकोडर जागेवर असतानाच यू फेजला धन आणि व्ही-डब्ल्यूला ऋण असा थोडा डीसी करंट देत. रोटर एका जागी घट्ट बसला की त्या स्थितीत एनकोडर काय वाचतो ते पाटीवर खडूने लिहीत. मगच स्क्रूला पेचकस. वाइंडिंग झालं, बेअरिंग बदलली, की पुन्हा तोच करंट, तोच क्रम, आणि पाटीवरचा आकडा येईपर्यंत एनकोडर केसभर फिरवत राहायचं. त्यांच्या हातून गेलेली मोटर मशीनवर पळ काढत नसे. मार्करने रेघ मारून एनकोडर काढणारे आणि रेघेला रेघ जुळवून परत बसवणारेही मी पाहिले. त्यांची मोटर ड्राइव्ह चालू करताच थरथरते किंवा सुसाट सुटते, आणि मग बोल वाइंडिंगला लागतो.

तेव्हा माझं उत्तर असं. आधीचा आकडा लिहून घेणारा वाइंडर असेल तर बेलाशक रिवाइंड करा. पण त्याआधी मोटर लेथच्या चकमध्ये धरून फिरवा आणि तिन्ही फेजमध्ये निर्माण होणारं व्होल्टेज मोजा. तिन्ही सारखी पण त्याच वेगाला असायला हवीत त्यापेक्षा कमी असतील तर चुंबक उतरले आहेत. तिला कितीही तांबं भरलंत तरी पहिलं बळ येणार नाही. तिथे नवीच मोटर घ्यावी, आणि चुंबक उतरण्याइतकी ती तापली कशाने, हे पुन्हा शोधावं.

दुसरा वाद सेन्सरांचा. तरुण सहकारी म्हणतात, प्रत्येक मोटरवर कंपन मोजणारा सेन्सर लावू, मोबाइलवर इशारा येईल. लावा, माझा विरोध नाही. पण अंबरनाथच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून आलेली एक मुलगी वहीत दर सोमवारी एकच गोष्ट लिहायची. मशीनवर जॉब नसताना, त्याच वेगाने, त्याच अंतरात अक्ष फिरवायचा आणि पडद्यावरचा लोडचा टक्का टिपायचा. इतर अक्ष जागच्या जागी होते, वाय अक्ष तिशीतून पन्नाशीकडे चढत गेला. तिने दाखवलं, तेव्हा स्लाइडला तेल पोचवणारी नळी तुंबलेली सापडली. मोटर वाचली, बॉलस्क्रू वाचला. तो टक्का ड्राइव्ह रोज फुकट सांगत असतो. तो न वाचणारा माणूस मोबाइलवरचा इशारा वाचेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरबद्दल इथल्या आयटीआयच्या मुलांसाठी एवढंच सांगतो. मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडल्याशिवाय मेगर लावायचा नाही, नाहीतर मोटर तपासताना ड्राइव्ह जाईल. एनकोडरच्या तारांना तर तो दाखवायचाही नाही. पाचशे व्होल्टवर शंभर मेगाओहमच्या वर आकडा असेल तर निर्धास्त राहा. दहाच्या खाली आला तर ती मोटर पुढच्या सुट्टीत उतरवा. एकच्या खाली असेल तर आत्ता उतरवा. आणि आकडा घसरला कशाने ते बघा. आपल्याकडे बहुतेक वेळा ते कुलंट असतं. कनेक्टरचं तोंड वर, केबल सरळ वरून खाली आलेली, आणि तिच्या अंगावरून ओघळणारं कुलंट थेंबाथेंबाने आत. केबलला मोटरच्या आधी खाली झुकणारा एक वळसा दिला असता तर थेंब बाहेरच गळला असता.

आणि हातोडा. नवी मोटर बसवताना कपलिंग किंवा पुली शाफ्टवर ठोकून बसवणाऱ्यांना मी मशीनजवळ उभं राहू देत नाही. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला एनकोडरची काचेची चकती असते. एका ठोक्याने तिला तडा जातो, मोटर आठवडाभर बरी चालते आणि मग अधूनमधून अलार्म देते. कुणाच्याच लक्षात येत नाही की ती बसवतानाच मारली गेली. शाफ्टच्या मध्यभागी आट्यांचं भोक कशासाठी दिलेलं असतं? कपलिंग बोल्टने ओढून बसवण्यासाठी. झेड अक्षाची मोटर सोडण्याआधी डोक्याखाली लाकडी ठोकळा द्या, कारण ब्रेक मोटरबरोबर निघून येतो आणि डोकं खाली येतं. बदली मोटर मागवताना ऑर्डर नंबरचं शेवटचं अक्षरसुद्धा जुळवा. तेवढ्या एका अक्षराच्या फरकाने ब्रेक नसलेली मोटर येते. बाहेरून ती हुबेहूब तशीच दिसते, आणि उभ्या अक्षावर ती माणसाचा हात घेऊ शकते.

शनिवारी सकाळचा अलार्म आपल्या पट्ट्यातल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शुक्रवारी कारखाना बंद, शनिवारी पहिल्या शिफ्टला मशीन चालू केलं की तिन्ही अक्षांचं शून्य हरवलेलं. अ‍ॅब्सोल्यूट एनकोडरची बॅटरी मशीन बंद असतानाच खर्ची पडते, म्हणून उतरलेली बॅटरी सुट्टीनंतरच उघडी पडते. आणि खूपदा तर ती बॅटरी सुट्टीचा दिवस साधून, मेन स्विच बंद करून, अगदी काळजीपूर्वक बदललेली असते. काळजी चुकीच्या जागी घेतलेली असते. इमर्जन्सी दाबा, पण कंट्रोल चालू ठेवूनच बॅटरी बदला. तेही पॅनलमधल्या जिवंत भागांची माहिती असलेल्या माणसानेच. अक्ष शून्यावर असताना स्लाइडवर आणि बेडवर जुळणारी बारीक रेघ ओढून ठेवा. पॅरामीटरची प्रत कारखान्यात दोन ठिकाणी ठेवा. बॅटरी कधी बदलली ते मशीनच्या दारावर आतून लिहा.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती बनवणाऱ्यांच्या दारात जाते. एनकोडर सुटा मिळत नाही, अख्खी मोटर घ्या असं सांगतात. ब्रेकची चकती मिळत नाही. जुळवणीचा आकडा सांगत नाहीत. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, वाहनं ही क्षेत्रं त्यात घेतली. कारखान्यातली यंत्रं त्यात नव्हती. मोबाइल दुरुस्त करण्याचा हक्क मागता येतो, पण ज्या मशीनवर पंधरा कुटुंबं जगतात त्याच्या मोटरसाठी तो नाही, हे मला पटत नाही. आपण ते मागितलं पाहिजे. पण हातात पुरावा हवा. कोणती मोटर, कोणता भाग, कशाने गेला, हे आपल्याच वह्यांत नसेल तर आपलं निवेदन कोण ऐकणार?

लिहून ठेवलं नाही की काय हरवतं ते आपण पाहिलं आहे. मोहन्याची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन, २००९ साली बंद पडली. कल्याण-शिळ रस्त्यावर प्रीमियरच्या गाड्या बनत, त्या आता बनत नाहीत. ठाण्यात तर कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. अशा कारखान्यांत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडून मी शिकलो. कुठलं यंत्र पावसाळ्यात कुठे ओल धरतं, कुठल्या ड्राइव्हचे कपॅसिटर आधी जातात, हे त्यांना पाठ होतं. यंत्रं लिलावात गेली, त्यांना किंमत तरी आली. या माणसांना जे ठाऊक होतं ते उतरवून घ्यायला कुणी वही घेऊन बसलं नाही. त्यांतले काही आज हयात आहेत, डोंबिवलीत, टिटवाळ्यात, आपापल्या घरी. मला त्यांची फार आठवण येते, आणि त्यांच्याकडे जायला आपण उशीर करतो आहोत याचा रागही येतो.

यंदा आपण तीन कामं हाती घ्यावीत असं वाटतं. उतरवलेल्या प्रत्येक मोटरसाठी एक पानी पंचनामा, मराठीत, सगळ्या कारखान्यांत एकसारखा. त्याचा मसुदा कार्यकारिणीने करावा, मी माझं टिपण देतो. नादुरुस्त मोटरी भंगारात न देता जवळच्या आयटीआयमध्ये उघडून ठेवण्याची सोय, त्यासाठी कुणाशी बोलावं लागेल ते पाहू. आणि दुरुस्तीच्या हक्काचं निवेदन. त्याची भाषा, ते कुठे द्यायचं, कुणी न्यायचं, हे पुढच्या बैठकीत ठरवू.

दुपारच्या सत्रात पाठीमागच्या टेबलावर उतरवलेल्या काही मोटरी ठेवल्या आहेत. अजून एकही उघडलेली नाही. पेचकस, पुलर आणि कोरे कागद तिथेच आहेत. विद्यार्थ्यांनी पुढे बसावं आणि कागद स्वतः भरावेत.