दोन गुणांचे अंतर

मी राजारामपुरीत राहतो. आमच्या कोल्हापुरात हार-जीत शिकायची ती खासबाग मैदानात. तिथे तोडीस तोड मल्ल भिडले आणि बराच वेळ कुणीच चितपट झाला नाही, तर कुस्ती बरोबरीत सोडवतात. दोघेही ताठ मानेने घरी जातात. टेनिसमध्ये ही सोय नाही, हे मला माझ्या नातीमुळे कळले.

गेल्या उन्हाळ्यात एका स्पर्धेत ती टायब्रेकमध्ये दोन गुणांनी हरली. घरी आली, रॅकेट माळ्यावर टाकली आणि न जेवता बसून राहिली. तिची समजूत काढायला मी पुण्याच्या महाराष्ट्र ओपनची गोष्ट काढली.

चेन्नईत होणारी ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१८ मध्ये बालेवाडीला आली. तिथले मैदान हार्डकोर्टचे, म्हणजे टणक पायावर चढवलेला रंगीत थर. आखाड्यातल्या तांबड्या मातीसारखे ते पडणाऱ्याला सांभाळून घेत नाही. पहिल्या वर्षी अंतिम फेरीत केविन अँडरसन जिल सिमोनकडून हरला. २०१९ मध्ये तो पुन्हा आला. समोर ३९ वर्षांचा, जवळजवळ सात फूट उंचीचा इवो कार्लोविच. निकाल लागला ७-६, ६-७, ७-६. साऱ्या सामन्यात एकालाही दुसऱ्याची सर्व्हिस भेदता आली नाही. शेवटचा टायब्रेक अँडरसनने ७-५ असा जिंकला. अंतर दोनच गुणांचे! खासबागेत ही कुस्ती नक्की बरोबरीत सुटली असती.

पुढे २०२० मध्ये जिरी वेस्ली, २०२२ मध्ये जोआव सौसा आणि २०२३ मध्ये टॅलन ग्रीक्सपूर विजेते झाले. एकेरीत आपला कुणी जिंकला नाही. दुहेरीत मात्र रोहन बोपण्णा दोनदा जिंकला, २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर. २०२३ नंतर स्पर्धेने पुणे सोडले.

"बघ, हरलेला अँडरसन परत आला आणि जिंकला," मी म्हणालो.

"आणि कार्लोविच, नाना? तो नंतर जिंकला का तिथे?"

मी गप्प झालो. विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव नाही. एका मात्रेने गझलेची ओळ पडते, हे मी तीस वर्षे अनुभवतो आहे. तिला खोटा दिलासा देववेना. "नाही जिंकला," मी म्हणालो.

ती थोडा वेळ बोटे मोजत बसली. "पण एकोणचाळिसाव्या वर्षी खेळत होता ना? मला तर तेरावंच चालू आहे."

सकाळी माळ्याखाली स्टूल दिसले. रॅकेट वर नव्हती.