कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा

पावसाळा सुरू झाला कीं भागधारकांच्या घरीं कंपन्यांचे वार्षिक अहवाल येऊं लागतात. पूर्वीं ते टपालानें येत, आतां बहुधा ई-मेलनें येतात. अध्यक्षांचें निवेदन वाचलें जातें, छायाचित्रें पाहिलीं जातात, लाभांश किती जाहीर झाला याची चौकशी होते, आणि आंकड्यांचीं पानें मात्र तशींच उलटलीं जातात. तीं पानें हिशेबनिसांसाठीं असतात, अशी सुशिक्षित माणसाचीहि समजूत असते. वस्तुतः ज्याचा पैसा कंपनींत गुंतला आहे त्याच्यासाठींच तीं छापलेलीं असतात. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली रक्कम, मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूला ठेवलेली शिल्लक, ज्या कंपनीच्या स्वाधीन केली तिची प्रकृति कशी आहे हें सांगणारीं तींच पानें होत.

तीं अवघड वाटतात तीं गणितामुळें नव्हे. बेरीज-वजाबाकीपलीकडचें गणित त्यांत फारसें नसतें. अडचण आहे ती शब्दांची. भांडवल, नफा, शिल्लक, गंगाजळी हे शब्द रोजच्या बोलण्यांतले. परंतु हिशेबशास्त्रांत त्यांना जे अर्थ आहेत ते रोजच्या अर्थांहून निराळे आहेत. घरगुती अर्थ मनांत धरून ताळेबंद वाचला म्हणजे फसगत होते.

भारतांत २०१३ च्या कंपनी कायद्यानें जीं वित्तीय पत्रकें सांगितलीं आहेत त्यांत तीन मुख्य होत. नफातोटा पत्रक हें वर्षाचें वृत्त असतें: वर्षभरांत काय मिळविलें व काय खर्चिलें. ताळेबंद हें एका दिवसाचें, बहुधा ३१ मार्चचें, चित्र असतें: त्या दिवशीं कंपनीजवळ काय होतें आणि ती कोणाचें किती देणें लागत होती. तिसरें रोकड-प्रवाह पत्रक. प्रत्यक्ष पैसा कोठून आला व कोठें गेला एवढेंच तें सांगतें. लहान कंपन्यांना या तिसऱ्या पत्रकांतून सूट आहे; शेअरबाजारांत ज्यांचे भाग विकले जातात त्यांना नाहीं.

एक काल्पनिक कंपनी घेतली म्हणजे या तिहींचा संबंध स्पष्ट होईल. श्रोत्यानें कागद-पेन्सिल जवळ घेतल्यास अधिकच बरें. साबण तयार करणारी ही कंपनी दहा-दहा रुपयांचे एक लाख भाग विकून १० लाख रुपये गोळा करते आणि बँकेकडून ५ लाख कर्ज घेते. या १५ लाखांतून ८ लाखांचीं यंत्रें येतात व ७ लाख रोकड उरते. पहिल्या दिवसाचा ताळेबंद एवढाच. एका बाजूस पैसा कोणाचा तें लिहिलेलें: भागधारकांचे १० लाख, बँकेचे ५ लाख. दुसऱ्या बाजूस तो कोणत्या रूपांत आहे तें: यंत्रें ८ लाख, रोकड ७ लाख. पहिली देण्यांची बाजू, दुसरी मत्तेची.

भागधारकांचें भांडवल देण्यांच्या बाजूस पाहून पुष्कळांना नवल वाटतें. परंतु कायद्याच्या दृष्टीनें कंपनी ही आपल्या मालकांहून निराळी व्यक्ति आहे. मालकांनीं दिलेला पैसा हाहि तिच्या लेखीं एक प्रकारें त्यांचें देणेंच. भांडवल म्हणजे पेटींत ठेवलेली रक्कम नव्हे. तो मालकांच्या हक्काचा आंकडा होय. पैसा स्वतः केव्हांच यंत्रांत शिरलेला असतो. प्रत्येक व्यवहार असा दोन ठिकाणीं मांडण्याची रीत इटलींतील व्यापाऱ्यांनीं रूढ केली, आणि लुका पाचोली या ख्रिस्ती संन्याशानें ती १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या गणितग्रंथांत विशद केली. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या येतात त्या या रीतीमुळें.

आतां कारखाना वर्षभर चालला. २० लाखांचा साबण विकला गेला. पैकीं १४ लाख हातीं आले व ६ लाख दुकानदारांकडे उधार राहिले. तेल, सोडा वगैरे कच्चा माल १३ लाखांचा रोखीनें घेतला. त्यांतला १ लाखाचा वर्षअखेर शिल्लक आहे, म्हणून खर्च १२ लाखांचाच धरावयाचा. पगार, भाडें, वीज, वाहतूक मिळून ५ लाख. कर्जावर दर साल दर शेंकडा १० प्रमाणें व्याज ५० हजार. राहिला घसारा. ८ लाखांचीं यंत्रें १० वर्षें टिकतील असा अंदाज, म्हणून दर वर्षाच्या वांट्यास ८० हजार. विक्रींतून हें सारें वजा जातां १ लाख ७० हजार उरतात. त्यांतून ४० हजार कर भरला म्हणजे निव्वळ नफा १ लाख ३० हजार. अध्यक्षांच्या निवेदनांत हा आंकडा ठळक अक्षरांत येईल.

त्याच वर्षीं तिजोरींत काय झालें? आरंभीं ७ लाख होते. त्यांत १४ लाख आले. मालाचे १३ लाख, पगार-भाडें वगैरेंचे ५ लाख, व्याजाचे ५० हजार व कराचे ४० हजार, मिळून १८ लाख ९० हजार गेले. उरले २ लाख १० हजार. म्हणजे ज्या वर्षीं १ लाख ३० हजार नफा झाला त्याच वर्षीं रोकड ४ लाख ९० हजारांनीं घटली.

यांत कोणीहि लबाडी केलेली नाहीं. दोन्ही आंकडे खरे आहेत. माल गिऱ्हाइकाच्या स्वाधीन केला कीं हिशेबांत विक्री झाली, मग पैसे आज येवोत वा सहा महिन्यांनीं. उलट घसारा हा खर्च खरा, पण त्यापोटीं या वर्षीं कोणालाहि पैसा दिलेला नाहीं; तो यंत्रें घेतांनाच गेला. नवीं यंत्रें घेण्यासाठीं बाजूला काढून ठेवलेली रक्कम म्हणजे घसारा, ही समजूत अगदीं चुकीची. रोकड-प्रवाह पत्रक हाच मेळ घालून दाखवितें: नफा १ लाख ३० हजार, त्यांत घसाऱ्याचे ८० हजार मिळवावे, उधारीचे ६ लाख व शिल्लक मालाचा १ लाख वजा करावा, उत्तर येतें ४ लाख ९० हजारांची घट.

वर्षअखेरच्या ताळेबंदांत यंत्रें ७ लाख २० हजार, येणें ६ लाख, माल १ लाख, रोकड २ लाख १० हजार; एकूण १६ लाख ३० हजार. समोर भांडवल १० लाख, कर्ज ५ लाख आणि वर्षाचा नफा, १ लाख ३० हजार, राखीव निधीच्या सदरांत. या निधीला मराठींत गंगाजळी म्हणण्याचा प्रघात आहे. गंगाजळी म्हटलें कीं देवघरांत जपून ठेवलेला, तोंड बंद केलेला तांब्या डोळ्यांपुढें येतो. कंपनीच्या गंगाजळीला मात्र असा तांब्या नसतो. भांडवलाप्रमाणें तोहि मालकांच्या हक्काचा आंकडा आहे. तो पैसा कोणत्या रूपांत आहे हें समोरची बाजूच सांगणार. येथें मत्तेचा मोठा भाग दुकानदारांच्या उधारींत अडकला आहे. दोनचार मोठे दुकानदार बुडाले तर गंगाजळी कागदावरच आटेल.

एवढ्यांत संचालकांनीं शेंकडा १० लाभांश जाहीर केला असें समजावें. हे शेंकडा १० दर्शनी किंमतीवर, म्हणजे दहा रुपयांच्या भागास एक रुपया. ज्यानें तोच भाग बाजारांत २५ रुपयांस घेतला त्याला आपल्या पैशावर शेंकडा ४ च पडतात. शिवाय लाभांश नफ्यांतून जाहीर होतो, पण द्यावा लागतो रोकडींतून. एक लाख वांटल्यावर तिजोरींत १ लाख १० हजार राहतील, आणि कारखान्याला माल व पगार यांसाठीं महिन्याकाठीं सुमारें दीड लाख लागतात. भागधारक लाभांशानें संतुष्ट होतील त्याच महिन्यांत कंपनी पुनः बँकेच्या दारांत उभी राहील.

हें झालें प्रामाणिक हिशेबाचें. खोट्या हिशेबाचें उदाहरण हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीनें घालून दिलें. ७ जानेवारी २००९ रोजीं तिचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनीं संचालक मंडळास पत्र लिहून कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ अखेर वह्यांत रोकड व बँकेंतील शिल्लक ५,३६१ कोटी रुपये होती; पैकीं ५,०४० कोटी अस्तित्वांतच नव्हते. त्या तिमाहीचें उत्पन्न २,७०० कोटी जाहीर झालें होतें, तें प्रत्यक्षांत २,११२ कोटी; व्यवसायाचा नफा ६४९ कोटी जाहीर झाला होता, तो प्रत्यक्षांत ६१ कोटी. दोन्ही वजाबाक्या केल्या तर फरक ५८८ कोटींचाच येतो, आणि त्या तिमाहींत खोटी शिल्लकहि नेमकी तेवढीच वाढली, असें पत्रांतच नमूद आहे. पाचोलीच्या रीतीची ही दुसरी बाजू. खोटें उत्पन्न लिहिलें कीं तितकीच खोटी मत्ता कोठेंतरी मांडावी लागते, नाहीं तर बेरजा जुळत नाहींत. तेव्हां बेरजा जुळल्या एवढ्यानें ताळेबंद खरा ठरत नाहीं. आणि नफ्याविषयीं शंका आली तर तिचें उत्तर मत्तेच्या बाजूस शोधावें. हिशेबतपासनिसांची सही त्याहि हिशेबांवर होती. कबुलीच्या दिवशीं भागाची किंमत तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळली; एप्रिल २०१५ मध्यें न्यायालयानें राजूंसह दहा जणांना दोषी ठरविलें, परंतु तोंवर अनेकांची बचत गेलेली होती.

असली बनावट घरीं बसून ओळखतां येईलच असें नाहीं. पण सामान्य भागधारकाला सावध करणाऱ्या खुणा बहुधा खऱ्या आंकड्यांतच असतात, आणि त्या पाहण्यास अर्धा तास पुरतो. अहवालांत प्रथम हिशेबतपासनिसांचें मत पाहावें. हिशेब सत्य व योग्य चित्र दाखवितात असें त्यांनीं निःसंदिग्धपणें म्हटलें आहे कीं त्यास कांहीं ‘परंतु’ जोडला आहे? नंतर व्यवसायांतून आलेली रोकड व निव्वळ नफा हे दोन आंकडे मागील दोनचार वर्षांचे शेजारीं शेजारीं मांडावे. एखाद्या वर्षीं रोकड मागें पडली तर ती वाढत्या धंद्याची खूण असूं शकेल. वर्षानुवर्षें मागें पडत असेल तर नफा वसूल होत नाहीं असें समजावें. विक्री शेंकडा १० नें वाढली आणि येणें शेंकडा ४० नें वाढलें, तर माल विकला जात आहे कीं नुसता दुकानांत ढकलला जात आहे, हें विचारावें. येत्या वर्षांत फेडावयाचीं देणीं आणि त्याच मुदतींत रोख होणारी मत्ता यांची तुलना करावी. शेवटीं बारीक टाइपांतल्या टिपा वाचाव्या. न्यायालयांतील दावे, करांचे तंटे, दुसऱ्यासाठीं दिलेल्या हमी अशीं संभाव्य देणीं ताळेबंदांत न दिसतां तेथेंच दिसतात.

घरखर्चाची वही ठेवणाऱ्या गृहिणीला यांतलें कांहींच नवें नाहीं. शेजारणीस उसने दिलेले पैसे परत येईपर्यंत ती ते हातच्या शिलकेंत धरीत नाहीं, आणि नव्या शिवणयंत्राची किंमत दहा वर्षांनींहि तीच राहील असें समजत नाहीं. कंपनीचा अहवाल हातीं घेतांना हीच सावधगिरी ठेवावी, आणि अध्यक्षांचें निवेदन सर्वांत शेवटीं वाचावें.